मथुराबाईची शिंप

२०४३ सालची ही गोष्ट. त्या वर्षी भाटवलीच्या बायकांनी छिन्नी-हातोडी घेतली आणि आपापल्या दारातली तुळशीवृंदावनं आपल्याच हातांनी फोडली. बाहेरगावी ज्यांनी हे ऐकलं त्यांनी कानाला हात लावले. पण भाटवलीत त्या दिवशी घरोघरी नुसती ठकठक चालली होती, आणि बायका एकमेकींना अंगणातून ओरडून विचारत होत्या, "तुझी निघाली का गो?"

भाटवली हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं खारव्यांचं, म्हणजे मच्छीमारांचं गाव. एके काळी या खाडीची कालवं दापोलीपासून राजापुरापर्यंत माहीत होती. खडकाला चिकटलेली ती काळपट शिंप कोयतीच्या टोकाने उघडली की आत दुधाळ मऊ गर. नुसत्या कांद्यावर परतला तरी शेजारच्या आळीला पत्ता लागायचा. या कालवांवरूनच गावात एक रीत पडली होती. लग्नानंतर पाचव्या दिवशी नवी सून सासूबरोबर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरायची. गुडघाभर चिखलातून खडकापर्यंत जायचं आणि स्वतःच्या हाताने एक कालव सोडवायचं. गर त्या दिवशीच्या कालवणात पडायचा, आणि वरची चपटी शिंप हळदीच्या हाताने वृंदावनाच्या ओल्या चुन्यात दाबायची. याला 'शिंप बसवणं' म्हणत. लग्न कुठेही लागो, सून घरची झाली ती शिंप बसल्यावर. चुन्याच्या जागी पुढे सिमेंट आलं, तरी शिंपा बसतच राहिल्या. पणजीची, आजीची, सासूची, आपली, अशी एका रांगेत. तुळशीला पाणी घातलं की बायका प्रत्येक शिंपेला कुंकवाचं बोट लावीत.

१९८३ साली खाडीच्या तोंडाशी प्रभाकिरण डायकेम नावाचा रंगाचा कारखाना आला. रंग बनवायच्या एका टप्प्यात तिथे पारा वापरत. उरलेला गाळ पिंपांत भरून बांधालगतच्या मोठ्या खड्ड्यात पुरत. १९९६ नंतर आणखी चार कारखाने आले, मग सगळेच बंद पडले, आणि खड्ड्यावर माती ओढून कंपनीने तिथे बाग केली. बागेत घसरगुंडी होती, बोगनवेल होती आणि 'फळे खाऊ नयेत' अशी एक पाटी होती.

खड्ड्याला तळ नव्हता, हीच खरी गोम. भरती आली की पाणी खालून आत शिरायचं, गंजलेल्या पिंपांतून फिरायचं आणि ओहोटीबरोबर परत खाडीत यायचं. रोज दोनदा. कालवांच्या विक्रीवर सरकारने बंदी घातली. पुरुष दूर गुजरातच्या ट्रॉलरांवर गेले. प्रणाली पालशेतकरचा नवराही तिकडेच होता, आणि गणपतीला आला तर आला.

प्रणाली चव्वेचाळीस वर्षांची. बायकांच्या कालव संघाची ती अध्यक्ष होती, पण विकायला कालवंच नव्हती, त्यामुळे संघ म्हणजे अर्ज करणाऱ्या बायकांचा घोळका झाला होता. अर्ज करून करून अखेर प्रदूषित भूमी लवादापुढे प्रकरण उभं राहिलं. दोनच वाटा होत्या. एक, खड्ड्यावर प्लास्टिकचा जाड थर आणि काँक्रीट घालून तो झाकून टाकायचा. हे स्वस्त, आणि कंपनीला कबूल. दुसरी, सगळा खड्डा उपसायचा, माती बंद भट्टीत तापवायची, पाऱ्याची वाफ थंड करून पारा पुन्हा बाटल्यांत भरायचा आणि खाडीतला गाळही, तो पसरू नये म्हणून पाण्यात पडदे लावून, असाच काढायचा. हा खर्च कंपनीच्या माथी मारायचा तर एक गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती: बाकीचे कारखाने येण्याआधीच, प्रभाकिरण एकटी असतानाच, खाडीत पारा होता. आणि त्या काळी पाणी कुणीच तपासलेलं नव्हतं.

"पाणी तपासलेलं नाही, पण कालवांनी ते प्यायलंय ना," असं म्हणत डॉ. फिरोज मुकादम गावात आले. शासकीय प्रयोगशाळेतला हा पन्नाशीचा, ढगळ शर्टातला माणूस. त्याच्याबरोबर शिवणयंत्राएवढी एक पेटी होती. शाळेच्या व्हरांड्यात त्याने ती मांडली आणि बायका गोळा झाल्या.

"कालव काय करतं," त्याने सांगितलं, "जन्मभर आपल्या घराला आतून गिलावा करत बसतं. भरतीगणिक एक पातळ हात. त्या वेळी पाण्यात जे असेल ते त्या गिलाव्यात अडकतं. मीठ, लोखंड, पारा, काय असेल ते. पावसाळ्याचा थर वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा. ही पेटी केसाहून बारीक उजेडाने शिंपेला टोचते, टोचलेल्या कणाची वाफ होते, आणि वाफेतल्या एकेक अणूचं वजन होतं. आतून बाहेरपर्यंत टोचत गेलं की त्या कालवाने कुठल्या साली काय पाणी प्यायलं ते कळतं."

"म्हणजे त्याचं जन्मभराचं खाणंपिणं बाहेर काढणार तुम्ही," एक म्हातारी म्हणाली.

"तुम्ही सुनेचं काढता तसंच, मावशी."

बायका खूप हसल्या. मग पुढचं प्रत्येकीच्या ध्यानात आलं. कुठलं कालव कुठल्या सालचं हे फक्त एकाच ठिकाणी पक्कं ठाऊक होतं. आपल्या दारात.

प्रणालीने सगळ्यात आधी आपली स्वतःची शिंप काढली. मग घरोघरी फिरली. कुणी रडल्या, कुणी देवाला विचारून येते म्हणाल्या, पण दिल्या. अडचण अशी की, बऱ्याच घरांनी जुनी वृंदावनं पाडून टाइल्सची नवी बांधली होती. नेमक्या हव्या त्या वर्षांतल्या तीनच शिंपा गावात शाबूत होत्या. १९८५ची एक, १९९१ची एक, आणि मधली १९८७ची. ती प्रणालीच्या सासूची, मथुराबाईची.

मथुराबाई म्हणजे या रितीची पहारेकरीण. मूळची वेंगुर्ल्याकडची, पण भाटवलीत कुठलीही नवी सून आली की पाचव्या दिवशी ही काठावर हजर. "पाय टाक गो. आमचे काय मेणाचे नव्हते," असं तिचं ठरलेलं वाक्य. प्रणालीही २०२२ साली याच वाक्यावर खाडीत उतरली होती. काळा, तेलकट चिखल, अंडी नासल्यासारखा वास. आठवडाभराने पायांना फोड आले ते फुटून पांढरे डाग राहिले. अजून थंडीत तिथली कातडी सोलून निघायची.

"माझी राहू दे," मथुराबाई म्हणाली. "बाकीच्या आहेत की."

"आई, मी साऱ्या गावाच्या काढल्या नि घरची ठेवली, तर तोंड कसं दाखवू?"

मथुराबाईने मग अडवलं नाही. शिंप निघताना मात्र ती अंगणात थांबली नाही, मागीलदारी जाऊन बसली. प्रणालीला वाटलं, जीव अडकलाय त्यात. साहजिक आहे.

लवादाची बैठक शाळेच्या सभागृहात भरली. अध्यक्षा होत्या नलिनी फणसळकर, शांत आणि तुटक बोलणाऱ्या. कंपनीचे वकील विराज समेळ आवाज न चढवता बोलणारे. फिरोजने अहवाल वाचला. १९८३ आधीच्या शिंपा जुन्या चुन्यात विरून भुगा झाल्या होत्या, त्या तपासता आल्या नाहीत. ८५च्या शिंपेत शेवटच्या थरांत पारा दिसू लागतो, ९१च्या शिंपेत भरपूर. सभागृहातल्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली.

समेळ उठले. "या शिंपांना रोज कुंकू लावत होतात ना?"

"हो," पुढच्या रांगेतून दोघीतिघी म्हणाल्या.

"जुन्या कुंकवात हिंगूळ असे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. शिंप सच्छिद्र असते, पावसाचं पाणी तिच्यात झिरपतं. पन्नास वर्षं हिंगूळ झिरपल्यावर आत पारा सापडला तर नवल ते काय? हे यंत्र नवीन आहे, आजवर कुठल्याही न्यायपीठाने त्याच्यावर निकाल दिलेला नाही." मग त्यांनी अहवालाचं शेवटचं पान वर धरलं. "आणि १९८७ची शिंप बघा. हिच्यात पारा जवळजवळ नाहीच. ८७ साली प्रभाकिरण सोडून खाडीवर दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे आमचा कारखाना भरात असताना खाडी स्वच्छ होती. हा पुरावा आम्ही आणलेला नाही, गावानेच दिलाय. संघाच्या अध्यक्षांच्या घरून."

सगळ्या माना प्रणालीकडे वळल्या. एक दिवस सोडून पुढची बैठक ठरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिरोज स्कूटरवरून तिच्या पडवीत आला. चहा समोर आला तरी त्याने कप उचलला नाही.

"ताई, तुमच्या घरच्या शिंपेत पारा का नाही ते मला सापडलंय. ती या खाडीची नाहीच."

"म्हणजे?"

"पावसाळ्यात डोंगरावरून जे पाणी खाडीत येतं ते कातळाची खूण घेऊन येतं. स्ट्रॉन्शियम म्हणून एक धातू असतो, कातळ जितका जुना तितका त्याचा मेळ वेगळा. आपल्याकडे ज्वालामुखीचा काळा कातळ. या शिंपेने त्याहून फार जुन्या कातळाचं पाणी प्यायलंय. असा कातळ इथून खाली, सिंधुदुर्गात. वेंगुर्ल्याच्या बाजूला."

मागीलदारी आमसुलं वाळत घालायचा आवाज बंद झाला.

"मागे घेता येईल ती?" प्रणालीने हळू विचारलं.

"येईल. पण समेळ म्हणतील, गैरसोयीची निघाली म्हणून लपवली. मग बाकीच्या दोन्हींवर कोण विश्वास ठेवणार? आणि का मागे घेतली ते मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

तो गेल्यावर प्रणाली मागीलदारी आली. मथुराबाई सुपातली आमसुलं उगाच सारखी करत होती. रागावली किंवा घाबरली की तिची माहेरची मालवणी बाहेर पडायची, ती आता पडली.

"काय बघतंस? होय. मी उतरलंयच नाय."

प्रणाली उंबऱ्यावरच बसली.

"पाचव्या दिवशी माका काठावर नेल्यानी. पाणी तांबडा. खडकार मेलेले खेकडे. माझ्या सासूक सर्दी, तिका वास येय नाय. मी म्हटलंय, ह्या पाण्यात मी पाय घालूचंय नाय." मथुराबाईने सूप बाजूला ठेवलं आणि श्वास घेऊन पुन्हा इकडच्या बोलीवर आली. "मोठ्याने नाही म्हटलं. मनात. नणंद माझ्याबरोबर पुढे आली होती, बाकीच्या काठावर गप्पा मारत होत्या. आईने माहेरहून निघताना कालवांची टोपली दिली होती. त्यातलं एक मी पदरात बांधून नेलं होतं."

"आधीच नेलं होतं?"

"लग्नाच्या दिवशी वरातीतच वास आला होता मला. मी काय वेडी आहे? काठालगतच्या कोरड्या खडकाआड वाकले, कोयती आपटली, पदरातलं कालव काढून दाखवलं. नणंदेने बघितलं. मेली बिचारी, पण तोंड उघडलं नाही."

प्रणाली आपल्या पायांकडे बघत होती. "आणि मला का उतरवलंत? त्या रमाबाईच्या सुनेला? किती जणींना उभं राहून उतरवलंत तुम्ही?"

मथुराबाईने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "मी सगळ्यांत कडक राहिले तर माझ्या शिंपेबद्दल कोण विचारणार होतं?"

"एवढंच?"

"एवढंच."

प्रणाली उठली आणि आत गेली. संध्याकाळी दोघींची जेवणं वेगवेगळ्या वेळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली तयार होऊन बाहेर आली, तर मथुराबाई नऊवारी चापून नेसून, चपला घालून अंगणात उभी.

"तुम्ही कुठे?"

"शाळेत. ती शिंप तिथे एकटी आहे."

"आई, गाव तोंडात शेण घालेल तुमच्या. फिरोजभाई सांगतील काय ते कातळाचं. तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही."

"तो दगडाचं सांगेल. मी का नाही उतरले ते दगड सांगणार आहे का?"

वाटभर प्रणाली दोन पावलं पुढेच चालत होती. पण बांधाशी उतार आला तेव्हा ती थांबली, आणि न बोलता तिने सासूचा हात धरला.

सभागृहात मथुराबाई पुढे जाऊन उभी राहिली. खुर्ची दिली ती तिने घेतली नाही. पदरात बांधलेलं कालव, माहेरची टोपली, तांबडं पाणी, मेलेले खेकडे, सगळं तिने सांगितलं. मागच्या रांगेत कुजबूज वाढत गेली. रमाबाई उठून उभी राहिली. "मथुरे, माझ्या सुनेला तू ढकललंस त्या चिखलात. हात धरून ढकललंस."

"ढकललं," मथुराबाई तिच्याकडे वळून म्हणाली. "तुझं माझं आपण बाहेर बघू. तू शिव्या दे, मी ऐकून घेईन. आता मला यांच्याशी बोलू दे."

समेळ पुढे आले. "आजी, म्हणजे तुळशीसमोर छप्पन्न वर्षं खोटी शिंप पुजलीत. साऱ्या गावाला फसवलंत."

"फसवलं. आणि तुमच्या कंपनीलाही फसवलं म्हणा. माझे पाय काय तिला भाजता आले नाहीत."

"आज तरी खरं बोलताय याला पुरावा काय?"

"डॉक्टरच्या पेटीत माझ्या माहेरचं पाणी निघालंय ना? मग अजून काय पाहिजे? तुमची पिंपं बागेखाली आहेत, ती उकरा, तीही बोलतील." मग तिने अध्यक्षांकडे तोंड केलं. "बाई, वीस वर्षांची पोर होते मी. शिकलेली नाही, लग्नाआधी वेंगुर्ल्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. मला काठावर उभं राहून नुसत्या नाकाने कळलं की या पाण्यात पाय घालायचा नाही. आणि ज्यांनी ते पाणी सोडलं त्यांना कळलं नव्हतं, असं तुम्ही मला सांगणार?"

समेळांनी बसता बसता म्हटलं, "शिंप या खाडीची नसेल तर ती बाद होते, एवढंच. बाकी दोन शिंपांतल्या कुंकवाचा प्रश्न आहे तसाच आहे."

प्रणाली खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिला एकदम काहीतरी दिसलं, आणि बोलायची परवानगी मागायचंही ती विसरली.

"आई, तुमच्या शिंपेला कुंकू कोण लावत होतं?"

"मी. दुसरं कोण?"

"रोज?"

"रोज. तिलाच जास्त. चोराला देवाची भीती जास्त असते बाई."

कुठेतरी हसण्याचा आवाज आला. प्रणाली अध्यक्षांकडे वळली. "तीच तुळस, तसंच सिमेंट, तोच पाऊस. सगळ्या गावात कुंकू एकाच दुकानातून यायचं. यांच्या शिंपेने ते कुणाहूनही जास्त खाल्लंय. कुंकवातून पारा उतरत असता तर तो हिच्यात सगळ्यांत आधी दिसला असता. हिच्यात तो नाही. फरक एकच आहे. ती शिंप भाटवलीच्या पाण्यात नव्हती, बाकीच्या दोन होत्या."

अध्यक्षांचं लिहिणं थांबलं. "डॉक्टर मुकादम, ८७च्या शिंपेत नेमका किती पारा?"

"वेंगुर्ल्याच्या समुद्रात असतो तेवढाच. बाहेरचा काहीच नाही."

"अॅडव्होकेट समेळ?"

समेळांनी कागद एकावर एक नीट बसवले. ते काम त्यांना बराच वेळ पुरलं.

निकाल झाकण्याच्या विरोधात गेला. खड्डा तळापर्यंत उपसायचा, खाडीतला गाळ काढायचा, आणि तोवर गावाला पोसायचं, हे सारं प्रभाकिरणच्या खर्चाने. कंपनी वरच्या पीठाकडे गेली, तिथेही कुंकवाने तिला साथ दिली नाही.

डॉ. फिरोज मुकादमांची पेटी पुढे देशभर फिरली. जुन्या खाड्यांच्या कडेला बसून शिंपा टोचताना ते गावोगावच्या बायकांना आधी एक प्रश्न विचारायचे: "ही नक्की इथलीच ना? मनात काही असेल तर आत्ताच सांगा." विराज समेळ पुढे न्यायाधीश झाले. कंपनीची बाग गेली, तिच्या जागी बंद भट्ट्यांचं आवार उभं राहिलं. 'फळे खाऊ नयेत' ही पाटी मात्र बायकांनी उचलून आणून संघाच्या दारावर लावली.

रमाबाई दोन वर्षं मथुराबाईशी बोलली नाही. नंतर एकदा कालवणाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय, तुझ्यासाठीच केलंय." मथुराबाईने सगळं खाल्लं.

शेवटचं पिंप निघालं तेव्हा गावाने सोहळा केला, मंत्री आले. मथुराबाईला खुर्चीत बसवून काठावर नेलं. पहिलं पाऊल तिने टाकावं असं ठरलं होतं. तिने पाण्याकडे बघितलं, नाक वर करून वास घेतला, आणि म्हणाली, "अजून नाय. माका घराक न्या." मंत्र्यांचं भाषण हातातच राहिलं. पण संघाने खालचा गाळ पुन्हा तपासायला लावला, आणि खडकाच्या पलीकडे न काढलेला एक पट्टा सापडला. तो निघायला आणखी दोन वर्षं गेली. मथुराबाई त्याआधीच वारली. भाटवलीच्या खाडीत तिने जन्मात पाय घातला नाही.

तिची शिंप, उजेडाची भोकं पडलेली, लवादाकडून परत आली. ती पुन्हा जागेवर बसवायची की नाही यावर गावात बरीच तोंडं चालली. प्रणालीने कुणाला न विचारता सिमेंट कालवलं आणि रांगेत जिथली तिथे दाबली. प्रणालीचा नवरा ट्रॉलर सोडून घरी आला आणि तिच्या हाताखाली कालवांचे तराफे बांधू लागला. हाताखाली हा शब्द तो स्वतःच हसत सांगायचा.

२०५९ साली प्रणालीच्या घरी सून आली. पाचव्या दिवशी सुकतीला साऱ्या बायका काठावर जमल्या. कोयती सुनेच्या हातात होती. आता भाटवलीत सासू "पाय टाक" म्हणत नाही. ती आपण आधी उतरते, खडकाला हात लावून परत येते, आणि मग विचारते.

प्रणाली ओल्या पायांनी परत आली, पांढऱ्या डागांवर खाडीचा चिखल तसाच होता. "बघ," ती म्हणाली. "वास घे. नको वाटलं तर नको म्हण, आणि मोठ्याने म्हण."

सून बराच वेळ वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मग तिने साडी वर खोचली.